नववी ते बारावी, काटेरी कुंपणाच्या आत: मँझनार हायस्कूलची १९४५ ची बॅच

हा आपल्या या आठवड्याच्या भागाचा लेखी अवतार. बोलण्याच्या ओघात तारखा आणि आकडे निसटून जातात, म्हणून इथे ते नीट क्रमाने मांडलेत. ज्यांना ऐकायला वेळ मिळत नाही त्यांनी खुशाल नुसतं वाचावं, गोष्ट तीच आहे.

गोष्ट आहे शाळेतल्या एका बॅचची. ही मुलं नववीत गेली आणि तीन महिन्यांत त्यांचा देश युद्धात उतरला. बारावी संपली तेव्हाही युद्ध संपलेलं नव्हतं. आणि मधली तीन वर्षं त्यांची शाळा काटेरी कुंपणाच्या आत भरत होती, त्यांच्याच देशाच्या सैनिकांच्या पहाऱ्यात.

आधी एक छोटा खुलासा, म्हणजे पुढे गोंधळ नको. अमेरिकेत हायस्कूल म्हणजे साधारण नववी ते बारावी. नववीतला मुलगा ‘फ्रेशमन’, दहावीतला ‘सोफमोर’, अकरावीतला ‘ज्युनिअर’ आणि बारावीतला ‘सीनियर’. आपल्याकडे ग्रॅज्युएट म्हटलं की बीए, बीकॉम आठवतं. तिथे बारावी झाली तरी ‘ग्रॅज्युएशन’च म्हणतात, त्याचा समारंभ होतो आणि हातात डिप्लोमा मिळतो. बॅचचं नाव पास होण्याच्या वर्षावरून पडतं. म्हणजे सप्टेंबर १९४१ मध्ये नववीत बसलेली मुलं ‘क्लास ऑफ १९४५’.

या बॅचचं अख्खं हायस्कूल युद्धात गेलं. देशभरातल्या मुलांना त्याची झळ लागलीच. साखर, कॉफी, पेट्रोल, चपला-बूट सगळं रेशनवर. वर्गात युद्धबचतीचे स्टॅम्प विकले जायचे, गल्लोगल्ली भंगार गोळा व्हायचं. नोव्हेंबर १९४२ मध्ये सक्तीच्या लष्करभरतीचं वय २० वरून १८ वर आलं. पण या बॅचमधल्या काही मुलांची गोष्ट वेगळी होती, कारण त्यांचे आईवडील किंवा आजीआजोबा जपानहून आलेले होते. आज आपण त्यांच्याबद्दल बोलतोय, आणि त्यातही कॅलिफोर्नियातल्या मँझनार छावणीत शिकलेल्या मुलांबद्दल.

एकच नोंद, सतत बदलणारं स्टेटस

मी सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे मला हे सगळं डेटाबेससारखं दिसतं. समजा एका मुलाची नोंद आहे. जन्म १९२७, लॉस एंजेलिस. नागरिकत्व अमेरिकन, कारण अमेरिकेच्या मातीवर जन्मलेला माणूस त्यांच्या घटनेनुसार नागरिकच असतो. यातलं काहीही चार वर्षांत बदललं नाही. पण त्याच्यासारख्यांचं सरकारी ‘स्टेटस’ दरवर्षी बदलत गेलं. दरवर्षी सरकारकडून एक नवा कागद आला. नववीत एक, दहावीत एक, अकरावीत एक, बारावीत एक.

आपण त्याच क्रमाने जाऊ.

नववी (१९४१-४२): खांबावर चिकटवलेला कागद

७ डिसेंबर १९४१ ला रविवार होता. जपानने हवाईमधल्या पर्ल हार्बर या नौदलाच्या तळावर हल्ला केला. दुसऱ्या दिवशी, सोमवारी, ही मुलं नेहमीप्रमाणे शाळेत गेली. वर्ग तोच, बाक तोच, फक्त आजूबाजूच्यांच्या नजरा बदललेल्या.

१९ फेब्रुवारी १९४२ ला राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी कार्यकारी आदेश ९०६६ वर सही केली. गंमत बघा, या आदेशात ‘जपानी’ हा शब्दच नाही. लष्कर काही भाग ‘लष्करी क्षेत्र’ ठरवू शकेल आणि तिथून कुणालाही हलवू शकेल, एवढंच त्यात आहे. अंमलबजावणी मात्र पश्चिम किनाऱ्यावरच्या जपानी वंशाच्या सगळ्या लोकांवर झाली. मार्चच्या शेवटी त्यांच्यावर रात्री ८ ते सकाळी ६ अशी संचारबंदी आली. मग विजेच्या खांबांवर, भिंतींवर नोटिसा लागायला लागल्या.

त्या नोटिशीतली शब्दयोजना लक्षात ठेवण्यासारखी आहे. जपानी वंशाच्या सर्व व्यक्ती, ‘एलियन आणि नॉन-एलियन’. एलियन म्हणजे परकीय. मग नॉन-एलियन म्हणजे? जो परकीय नाही तो, म्हणजेच नागरिक! पण ‘आम्ही आमच्या नागरिकांना हाकलतोय’ असं लिहायला जड जातं, म्हणून हा आडवळणाचा शब्द. चौदा वर्षांच्या पोराने खांबावर स्वतःची ओळख ‘नॉन-एलियन’ अशी वाचली.

हातात धरून नेता येईल तेवढंच सामान. तयारीला साधारण आठवडा. काहींना तेवढाही नाही, लॉस एंजेलिसजवळच्या टर्मिनल आयलंडवरच्या कोळी कुटुंबांना फक्त ४८ तास मिळाले. दुकानं, बोटी, गाड्या, भांडीकुंडी मिळेल त्या भावात विकली गेली. शाळेचं वर्ष संपायच्या आतच वर्गातले बाक रिकामे झाले.

एकूण सुमारे १ लाख २० हजार लोक हलवले गेले आणि त्यातले जवळपास दोन तृतीयांश अमेरिकन नागरिक होते. उरलेले म्हणजे पहिली पिढी, ‘इस्सेई’. त्यांना नागरिकत्व घ्यायला तेव्हाच्या कायद्याने बंदीच होती, ती १९५२ मध्ये उठली. त्यांची अमेरिकेत जन्मलेली मुलं म्हणजे ‘निसेई’. आपली बॅच निसेईंची.

दहावी (१९४२-४३): प्रश्न क्रमांक २७ आणि २८

मँझनार हे लॉस एंजेलिसपासून साधारण साडेतीनशे किलोमीटर उत्तरेला, ओवेन्स खोऱ्यात. स्पॅनिशमध्ये मँझनार म्हणजे सफरचंदाची बाग. तिथे पूर्वी खरंच बागा होत्या, पण लॉस एंजेलिस शहराने खोऱ्यातलं पाणी विकत घेतलं आणि गाव ओस पडलं. एका बाजूला सिएरा नेवाडाचे बर्फाचे डोंगर, खाली वाळवंट आणि सतत धुळीचा वारा. तिथे ३६ ब्लॉक बांधले. लाकडी बराकी, वरून डांबरी कागद. साधारण २० फूट बाय २५ फुटांच्या खोलीत आठ माणसं. जेवण सामुदायिक भोजनगृहात, संडास-न्हाणीघरही सामायिक. भोवती काटेरी तार आणि पहाऱ्याचे मनोरे. एका वेळी १० हजारांहून थोडे जास्त लोक तिथे राहत होते.

अशा दहा छावण्यांमध्ये मिळून शाळेच्या वयाची सुमारे ३० हजार मुलं होती. त्यांचं करायचं काय? शाळा तर काढावीच लागणार. १९४२ च्या पावसाळ्यानंतर (म्हणजे आपला पावसाळा, तिथे कुठला पाऊस!) मँझनारमध्ये हायस्कूल सुरू झालं, ब्लॉक सातच्या बराकींमध्ये. पहिले काही आठवडे खुर्च्या नाहीत, टेबलं नाहीत, पुरेशी पुस्तकं नाहीत. मुलं जमिनीवर बसून शिकली. प्रयोगशाळेचं तर नावच नको.

शिक्षक दोन प्रकारचे. बाहेरून आलेले बहुतेक गोरे शिक्षक, सरकारी पगारावर. आणि छावणीतलेच शिकलेले तरुण, मदतनीस म्हणून. छावणीतल्या माणसाला कामाचे महिन्याला १२, १६ किंवा १९ डॉलर मिळायचे. १९ हा वरचा दर, डॉक्टरलासुद्धा तोच. बाहेरच्या शिक्षकाचं वार्षिक वेतन हजार डॉलरच्या बरंच वर होतं. तरीही शिक्षक टिकायचे नाहीत, कारण वाळवंटात राहायचं होतं.

डिसेंबरमध्ये, पर्ल हार्बरला वर्ष होत असताना, छावणीत भडका उडाला. स्वयंपाकघरातल्या एका कामगाराला मारहाणीच्या आरोपावरून अटक झाली. साखर आणि मांस छावणीबाहेर विकलं जातंय, असे आरोप तो आधीपासून करत होता. ६ डिसेंबर १९४२ च्या संध्याकाळी जमाव जमला आणि लष्करी पोलिसांनी गोळीबार केला. दोघं गेले. एक २१ वर्षांचा, दुसरा १७ चा. सतरा म्हणजे वरच्या वर्गातल्या मुलाचं वय. शाळा बंद झाली ती जानेवारीपर्यंत.

मग फेब्रुवारी १९४३ मध्ये दुसरा कागद आला. निष्ठेची प्रश्नावली, १७ वर्षांवरच्या प्रत्येकासाठी. आपली मुलं पंधरा-सोळाची, म्हणून ती सुटली. पण आईबाप आणि मोठी भावंडं नाही सुटली. प्रश्न २७: हुकूम होईल तिथे लढायला जाल का? प्रश्न २८: अमेरिकेशी पूर्ण निष्ठेची शपथ घ्याल का, आणि जपानच्या सम्राटावरची निष्ठा सोडून द्याल का?

आता २८ नीट बघा. इस्सेई वडिलांकडे फक्त जपानचं नागरिकत्व. ‘हो’ म्हटलं तर ते कुठल्याच देशाचे राहत नाहीत. पुढे त्यांच्यासाठी शब्द बदलले, पण तोवर घराघरात भांडणं लागून गेली होती. मुलाची अडचण वेगळी. ‘सम्राटावरची निष्ठा सोडतो’ म्हटलं की ती कधीतरी होती हे कबूल केल्यासारखं होतं. आणि वडिलांनी ‘नाही’ आणि मुलाने ‘हो’ लिहिलं तर कुटुंब फुटणार. मँझनारमध्ये नकाराचं प्रमाण बरंच जास्त होतं. त्यातले कित्येक नकार जपानच्या प्रेमाने आले नव्हते. ते रागाने, किंवा कुटुंब एकत्र ठेवायला दिलेले होते.

अकरावी (१९४३-४४): भरतीचं पत्र

नकार देणाऱ्यांना सरकारने ‘अनिष्ठ’ ठरवलं आणि तूली लेक नावाच्या वेगळ्या छावणीत पाठवलं. १९४४ च्या सुरुवातीला मँझनारहून सुमारे दोन हजार लोक तिकडे गेले. म्हणजे वर्ष अर्धं झालेलं आणि वर्गातली मुलं पुन्हा एकदा गायब. यावेळी आईवडिलांच्या एका उत्तरामुळे.

त्याच जानेवारीत तिसरा कागद. १९४२ मध्ये निसेई तरुणांना लष्करभरतीच्या यादीत ‘४-सी’ हा शेरा मिळाला होता. तो शत्रुदेशीय परक्यांचा वर्ग, म्हणजे भरतीला अपात्र. २० जानेवारी १९४४ ला सरकारने जाहीर केलं की यांनाही आता सक्तीची भरती लागू. तारेच्या आत डांबलेल्या मुलाला तारेबाहेरच्या स्वातंत्र्यासाठी लढायला बोलावणं! बहुतेक जण गेले. काहींनी सांगितलं, आधी आमच्या घरच्यांना सोडा, मग येतो. वायोमिंगमधल्या हार्ट माउंटन छावणीतल्या अशा ६३ जणांवर एकत्र खटला चालला आणि त्यांना तुरुंगवास झाला. १९४७ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी त्यांना माफी दिली.

या काळातलं एक नाव मला राहून राहून आठवतं. राल्फ लाझो. आपल्या बॅचच्या एक वर्ष पुढचा, क्लास ऑफ १९४४. त्याच्यात जपानी रक्ताचा थेंब नव्हता, घरची मुळं मेक्सिकन आणि आयरिश. लॉस एंजेलिसच्या बेलमॉन्ट हायस्कूलमधले त्याचे मित्र छावणीत निघाले, तर १७ वर्षांचा हा पठ्ठ्या स्वतःहून त्यांच्यासोबत गेला. मँझनारमध्ये वर्गाने त्याला अध्यक्ष निवडलं. तिथूनच बारावी झाला, लष्करात भरती झाला, पॅसिफिकमध्ये लढला. संशयावरून डांबायच्या या व्यवस्थेत एक मुलगा केवळ मैत्रीपोटी आपणहून दोन वर्षं राहिला.

बारावी (१९४४-४५): आता जा घरी

चौथा कागद १७ डिसेंबर १९४४ चा. लष्कराने जाहीर केलं की २ जानेवारी १९४५ पासून बहुतेकांना पश्चिम किनाऱ्यावर परतता येईल. दुसऱ्याच दिवशी सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल आले. कोरेमात्सु खटल्यात न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी हकालपट्टी वैध ठरवली. एंडो खटल्यात एकमताने सांगितलं की निष्ठावान नागरिकाला सरकार असं अडकवून ठेवू शकत नाही. एकाच दिवशी दोन्ही!

घरी जा म्हणणं सोपं, पण घर होतं कुठे? भाड्याची घरं केव्हाच दुसऱ्यांना गेलेली. निघताना माणशी २५ डॉलर आणि एकेरी तिकीट. बऱ्याच कुटुंबांनी ठरवलं की मुलाची बारावी होऊ दे, मग निघू. आपल्याकडे बदलीची ऑर्डर आली तरी ‘परीक्षा होईपर्यंत थांबू’ म्हणतात ना, अगदी तसंच.

त्या शेवटच्या सत्रात काय काय घडलं बघा. ५ एप्रिल १९४५ ला इटलीत साडाओ मुनेमोरी हा निसेई सैनिक मारला गेला. सोबत्यांना वाचवायला त्याने हातबॉम्बवर स्वतःचं अंग झोकून दिलं. त्याची आई तेव्हा मँझनारमध्ये होती. पुढच्या वर्षी त्याला मरणोत्तर मेडल ऑफ ऑनर मिळालं, अमेरिकेचा सर्वोच्च लष्करी सन्मान. १२ एप्रिलला रूझवेल्ट वारले. ८ मेला युरोपातलं युद्ध संपलं. आणि उन्हाळ्याच्या तोंडावर क्लास ऑफ १९४५ चं ग्रॅज्युएशन झालं. हा मँझनार हायस्कूलचा शेवटचा वर्ग. छावणी २१ नोव्हेंबर १९४५ ला बंद झाली.

पाचवा कागद

आता माझा मुद्दा.

मँझनारच्या शाळेत वर्गनिवडणुका व्हायच्या, गाणी-नाटकं व्हायची, नाच व्हायचे, वर्षाच्या शेवटी ईयरबुक निघायचं. ईयरबुक म्हणजे सगळ्यांचे फोटो असलेलं वार्षिक पुस्तक. त्यातले हसरे चेहरे दाखवून आजही कुणीतरी म्हणतं, ‘बघा, एवढं काही वाईट नव्हतं.’ मला हा युक्तिवाद अजिबात पटत नाही. ईयरबुकचा साचा देशभर सारखाच, त्यात सगळे हसतातच. सरकारलाही असे फोटो हवे होते, हे खरं. पण मुलांनी आणि शिक्षकांनी तो साचा जपला त्यामागे त्यांची स्वतःची कारणं होती.

एक कारण अगदी व्यवहाराचं. छावणीतून बाहेर पडायचा एक मार्ग कॉलेजमधून जात होता. १९४२ मध्ये क्वेकर पंथाच्या लोकांच्या पुढाकाराने एक परिषद स्थापन झाली आणि तिने युद्धकाळात सुमारे चार हजार निसेई विद्यार्थ्यांना किनाऱ्यापासून दूरच्या कॉलेजांत प्रवेश मिळवून दिला. त्यासाठी मार्कांचा दाखला लागायचा. बराकीत, जमिनीवर बसून सोडवलेलं बीजगणित त्या दाखल्यावर बाहेरच्या कुठल्याही शाळेसारखंच दिसायचं.

दुसरं कारण जरा खोलातलं. चार वर्षांत आलेले सरकारचे चारही कागद वंशाबद्दल होते. जा, शपथ घे, लढ, परत ये. तुम्ही काय केलंत याच्याशी त्यांचा काही संबंध नव्हता. डिप्लोमा हा एकच कागद असा होता, जो त्या मुलाने स्वतः केलेल्या कामाबद्दल काहीतरी सांगत होता. चार इयत्ता, इतके विषय, उत्तीर्ण. एवढंच. पण बाकी सगळं वंशावरून ठरत असताना ‘एवढंच’ फार मोठं असतं.

म्हणूनच ज्यांना तो मिळाला नाही त्यांना ती बोच आयुष्यभर राहिली. १९४२ मध्ये आपापल्या शाळेतून उचललेल्या, बारावी अर्ध्यावर सुटलेल्या लोकांसाठी या शतकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियाने कायदा केला आणि त्यांच्या मूळ शाळांना डिप्लोमा द्यायची मुभा दिली. ऐंशीच्या घरातल्या आजीआजोबांनी झगा-टोपी घालून तो घेतला. त्याआधी १९८३ मध्ये अमेरिकन संसदेने नेमलेल्या आयोगाने स्पष्ट लिहिलं होतं की या हकालपट्टीला लष्करी गरजेचा आधार नव्हता. तिच्यामागे वंशद्वेष, युद्धज्वर आणि राजकीय नेतृत्वाचं अपयश होतं. १९८८ च्या कायद्याने सरकारने माफी मागितली आणि हयात असलेल्या प्रत्येकाला २० हजार डॉलर दिले. पैसे सगळ्यांना सारखेच होते. डिप्लोमावर मात्र ज्याचं त्याचं नाव होतं.

क्लास ऑफ १९४५ च्या ईयरबुकचं नाव ‘व्हॅलेडिक्शन’, म्हणजे निरोप. त्यात छावणीतले छायाचित्रकार तोयो मियाताके यांचा एक फोटो आहे. हेच मियाताके, ज्यांनी छावणीत कॅमेऱ्याला बंदी असताना भिंग लपवून आत आणलं होतं आणि पुढे तिथलेच अधिकृत छायाचित्रकार झाले. फोटोत एका हातात पकड आहे आणि ती पकड काटेरी तारेला लावलेली आहे. पाठीमागे पहाऱ्याचा मनोरा. बाकीच्या पुस्तकात नेहमीचे हसरे चेहरे. ज्यांना ते चेहरे पाहून ‘छान चाललं होतं की’ असं वाटतं, त्यांना हे एक पान जरूर दाखवा.

मुलांनीच १९४४ मध्ये समारंभ पाहिलेलं आणि छावणीतल्याच लोकांनी बांधलेलं सभागृह अजून उभं आहे, आज ते राष्ट्रीय स्मारकाचं माहिती केंद्र आहे. लॉस एंजेलिसच्या बाजूला कुणी राहत असेल किंवा जाणार असेल तर एक दिवस काढा. आणि जाऊन आलात तर काय पाहिलंत ते मला नक्की कळवा.

भेटू पुढच्या भागात. तोवर काळजी घ्या.